उजव्या हातातली नऊ काकणं

नात डॉक्टर होऊन चार वर्षं झाली, पण एकदाही तिनं आजीच्या मनगटावर बोट ठेवून नाडी बघितली नाही, अशी हौसाक्काची तक्रार होती. ही तक्रार तिनं कासार गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली होती, दूध घालायला येणाऱ्याला ऐकवली होती, आणि आता तासगावच्या नव्या इस्पितळात, अतिदक्षता विभागातल्या खाटेवर पडल्या पडल्या ती कांबळे सिस्टरांना ऐकवत होती.

"दारातनं आत येती, भिंतीवरच्या आकड्यांच्या पडद्याकडं बघती, 'बरं आहे हं अक्का' म्हणती आणि चालली. मी काय त्या पडद्यात राहती व्हय?"

"बोलू नका अक्का. धाप लागते."

"धाप लागती म्हणूनच आत्ता बोलून घेतीय. फुडं मिळंल न मिळंल."

लघवीतला जंतू रक्तात उतरला होता. तीन दिवस ताप अंगावर काढून हौसाक्का दुकानात बसली. चौथ्या दिवशी एका नवरीच्या हातात चुडा भरता भरता ती त्या पोरीच्याच मांडीवर कलली. आता रक्तदाब घसरत होता, अंग सुजलं होतं, ओठांना साल आली होती. जीभ तेवढी शाबूत होती.

आणि हातातली काकणं. दोन्ही हातांत नऊ-नऊ, हिरव्या काचेची. नवरा वारला तेव्हा गल्लीतल्या बायका तिचे हात मोकळे करायला आल्या होत्या. तिनं दारातच विचारलं होतं, "मोकळ्या हाताच्या कासारणीकडनं तुमच्यातली कोण चुडा भरून घेणार? तिनं फुडं यावं, मग माझा हात धरा." कुणी पुढं आलं नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली. इस्पितळात दाखल करताना दागिने काढायचा नियम आहे असं एक पोरगी म्हणाली, तेव्हा हौसाक्कानं तिच्याकडं असं काही बघितलं की ती पोरगी दुसरं काम आठवून निघून गेली.

तिची नात, डॉक्टर ऋजुता दहाळे, आत आली ती पडद्याकडं बघतच.

"अक्का, दाब फार खाली आलाय. वर आणायचं औषध द्यायला हवं, पण ते हाताच्या बारीक शिरेतून जास्त वेळ देता येत नाही. शीर जळते. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालू या."

"मग घाल की."

"मी नाही घालत. नीला घालते."

"ही कोण? नवी डॉक्टरीण?"

कांबळे सिस्टर हसल्या आणि कोपऱ्यातलं यंत्र ढकलत घेऊन आल्या. चार चाकं, त्यावर एक पडदा, आणि बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला एक हात.

नीला येऊन दोन वर्षं झाली होती. तिचं काम समजायला सोपं होतं. मानेत दोन नळ्या एकमेकींना चिकटून चालतात. एक शीर, जिच्यातून वापरलेलं रक्त निवांत हृदयाकडं परततं. दुसरी धमनी, जिच्यातून हृदयानं फेकलेलं रक्त उसळत मेंदूकडं जातं. औषधाची नळी शिरेत जायला हवी. पूर्वी डॉक्टर बोटानं चाचपून, पुढं सोनोग्राफीत बघून सुई घालायचे, आणि शंभरात एखाद्या वेळी सुई शेजारच्या धमनीत जायची. नीला ध्वनिलहरींनी मानेच्या आत बघायची आणि त्याच वेळी मनगटावर बांधलेल्या पट्ट्यातून नाडी ऐकायची. मनगटाच्या ठेक्याबरोबर जे उसळतं ती धमनी. जे त्या ठेक्यात नाही ती शीर. मग तो बगळ्याचा हात केसभरही न चुकता सुई टोचायचा, बारीक तार आत सोडून तिच्यावरून वाट रुंद करायचा आणि नळी सरकवायचा. राज्यभरात हजारो माना झाल्या होत्या. चुका इतक्या कमी झाल्या की नियमच आला: नीलानं हिरवं दाखवल्यावर डॉक्टरनं मधे हात घातला, तर का घातला याचं लेखी उत्तर द्यायचं. उत्तर लिहिण्यापेक्षा हात खिशात ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

ऋजुतानं मनगटाचा पट्टा उचलला आणि थांबली.

"अक्का, काकणं काढायला लागतील. सुजेमुळं निघायची नाहीत, कापावी लागतील."

"काप. मी उठून घरी जाती."

"अक्का..."

"घरी जाती म्हणलं न्हवं."

ऋजुतानं कांबळे सिस्टरांकडं बघितलं. मग तिनं उजव्या हातातली नऊच्या नऊ काकणं जोर लावून कोपराकडं सरकवली. सुजलेल्या हातात ती घट्ट रुतून बसली. खाली मोकळ्या झालेल्या मनगटावर तिनं पट्टा बांधला. पडद्यावर एक रेघ बारीक हलू लागली आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका आला.

तोंडावर निळं कापड पडलं तेव्हा हौसाक्काला गुदमरल्यासारखं झालं. कापडाखाली नुसता स्वतःचा श्वास. पाय हलवावेत, कूस बदलावी, उठून बसावं असं वाटत होतं आणि सगळे म्हणत होते हलू नका. काहीतरी आठवावं म्हणून तिनं दुकान आठवलं, तर आठवली ती दहा वर्षांची ऋजी. शाळेला सुट्टी लागली की ती आजीशेजारी गादीवर बसायची. हात चेपायचा कसा, अंगठ्याचं हाड आत दाबायचं कसं, काकण फिरवत चढवायचं कसं, सगळं तिला यायला लागलं होतं. एक दिवस अक्का आत पाणी प्यायला गेली आणि पोरीनं एका नवरीचा हात धरला. काकण अंगठ्याच्या सांध्यावर अडकलं. ऋजीनं ते उलटं ओढलं. काच फुटली, नवरीच्या हाताला लागली. अक्का बाहेर आली तोवर पोरीनं तुकडे गादीखाली सारले होते आणि नवरी बिचारी भिडेनं गप्प होती. संध्याकाळी गादी झाडताना तुकडे पडले. कासाराच्या हातून काकण वाढलं, म्हणजे फुटलं, तर त्यानं गिऱ्हाइकासमोर तोंडानं म्हणायचं, 'माझ्या हातनं वाढलं', हा हौसाक्काच्या सासरचा जुना नेम. त्या दिवसापासून तिनं ऋजीला गिऱ्हाइकाच्या हाताला हात लावू दिला नाही. शीक म्हणाली. डॉक्टर हो म्हणाली.

"शीर मिळाली," बँकेत नंबर पुकारतात तशा गोड आवाजात यंत्र बोललं. "खात्री नव्व्याण्णव टक्के."

सुई टोचलेली कळली नाही, तिथं बधिर केलं होतं. पण मागोमाग काहीतरी जाड आत सरकलं आणि जबड्याच्या मुळाशी, खोल, दणके बसायला लागले. हौसाक्कानं पंचेचाळीस वर्षं परक्या बायकांचे हात दाबले होते. कुठं हाड, कुठं नस, कुठं ठोका, हे तिच्या अंगठ्याला विचारावं लागत नसे.

"ऋजे, हे उडतंय गं."

"थोडं दाबल्यासारखं वाटेल अक्का. हलू नकोस."

"दाबल्यागत न्हवं. उडतंय."

"इथं हिरवं आहे. झालंच आता."

नळी गेली. यंत्र बाजूला झालं. औषध सोडण्याआधी नळीतला दाब एकदा मोजून घ्यायचा, एवढं एक काम अजून माणसांकडं उरलं होतं. कांबळे सिस्टरांनी तार जोडली. मग ती पुन्हा घट्ट करून बघितली.

"मॅडम. लाट बघा."

शिरेतला दाब म्हणजे तळ्यातलं पाणी, नुसतं हलकं डुलतं. इथं पडद्यावर टेकड्यांमागून टेकड्या उठत होत्या. रक्तदाब पडलेला असला तरी धमनी ती धमनीच.

"रक्ताचा रंग काळपट होता," ऋजुताचा आवाज.

"श्वास कमी पडतोय त्यांचा. धमनीतलंही काळंच येणार मॅडम."

मग ऋजुतानं अगदी हळू विचारलं, "नीलाचा अहवाल बंद व्हायला किती वेळ आहे?"

"आठ मिनिटं."

"म्हणजे आठ मिनिटांत ही काढून डाव्या बाजूनं घातली, तर दोन्ही मिळून एकच प्रक्रिया धरेल, चूक नोंदली जाणार नाही. मी काढते. दाबून धरते."

"मॅडम, नुसती सुई असती तर गोष्ट वेगळी. नळी जाड आहे."

"मला माहीत आहे सिस्टर."

माहीत होतंच. पहिल्या वर्षापासून पाठ होतं. बारीक सुई धमनीत गेली तर काढायची आणि दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचं, बहुतेकदा निभावतं. जाड नळी गेली तर ती ओढायची नाही. ओढली की मागं भोक उरतं. वरून दाबून ते बुजत नाही. रक्त मानेत साचतं, श्वासनलिका दबते. जास्त दाबावं तर मेंदूचं रक्त अडतं, गुठळी वर जाते, अर्धं अंग आणि वाचा जाते. नळी आहे तिथंच ठेवायची, तीच तेवढा वेळ भोकाचं बूच असते, आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवायचं. हे सगळं ऋजुताला येत होतं. पण आठ मिनिटं ही आठ मिनिटं होती, आणि दोन वर्षांत तिच्या नावावर एकही लाल खूण नव्हती.

कापडाखाली हौसाक्काला मानेवर हात जाणवला. हातमोज्यातली बोटं, नळीभोवती आवळलेली. इतक्या वर्षांत नातीचा हात पहिल्यांदा असा अंगाला टेकून राहिला होता.

"ऋजे," हौसाक्का म्हणाली. "काकण अडकलंय?"

"अक्का, बोलू नकोस."

"अडकलं असंल तर वडायचं न्हाई. उलटं वडलं की काच आत फुटती. हाय तिथं ऱ्हाऊ द्यायचं आन थोरल्या माणसाला हाक मारायची. हाक मारायची लाज वाटतीय तुला?"

बोटं तशीच राहिली. हौसाक्काला स्वतःचे ठोके त्या बोटांवर आपटताना कळत होते. एक, दोन, पाच, नऊ. मग बोटं सुटली.

"सिस्टर, नळीला चिमटा. तिच्यातून थेंबभरही काही सोडायचं नाही. आणि मिरजेला डॉक्टर मुजावरांना फोन लावा. स्पीकरवर."

रक्तवाहिन्यांचे सर्जन मुजावर, त्यांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला. "काढलीस?"

"नाही सर."

"खरं सांग."

"काढणार होते. नाही काढली."

"मग आजी हाताला लागतील. नळीला कुणी हात लावू नका. त्यांना बोलतं ठेव, हातपाय हलतायत का बघत राहा. थिएटर तयार ठेव, मी तासाभरात पोचतो. आणि औषध दुसरीकडून सुरू कर, तोवर थांबू नकोस."

दुसरीकडून म्हणजे जांघेतून. नीलाच्या पडद्यावर आता लाल अक्षरं होती, चूक नोंदली गेल्याशिवाय ती पुन्हा चालणार नव्हती. कपाटातलं जुनं हातातलं सोनोग्राफी यंत्र कांबळे सिस्टरांनी झटकून आणलं.

"शेवटची कधी घातली होती हातानं?" त्यांनी विचारलं.

"शिकत असताना."

"मग शिकताय असंच समजा. दाब साठ आहे."

कापड तोंडावरून काढलं होतं. हौसाक्काला नातीचं कपाळ दिसत होतं, त्यावर घाम. ऋजुतानं जांघेत बोट ठेवलं, ठोका शोधला, त्याच्या आतल्या अंगाला, बेंबीच्या बाजूला शीर. पहिल्यांदा सुई गेली ती फुकट गेली.

"घाई करू नगंस," हौसाक्का म्हणाली. "बोट आधी बसू दे."

"अक्का, मला मोजू दे."

"मोज की. मी कुटं पळतीय?"

दुसऱ्या खेपेला रक्त आलं, संथ, न उसळता. नळी बसवल्यावर दाब मोजला. तळ्यातलं पाणी. औषध चालू झालं आणि पडद्यावरचा आकडा हळूहळू, चढ चढणाऱ्या म्हातारीसारखा, वर सरकू लागला.

तेव्हाच ऋजुताची नजर उजव्या मनगटावरच्या पट्ट्याकडं गेली. त्या पट्ट्याची रेघ जवळजवळ सपाट होती. ती कोपराजवळ रुतलेल्या काकणांकडं बघत राहिली. काचेखाली मांस निळं पडलं होतं.

"नीलाला नाडी नीट ऐकूच आली नाही," ती म्हणाली. "वर सरकवलेल्या काकणांनी हात आवळला होता. मनगटात आधीच ठोका नाही, मग मानेतला ठोका तिनं कशाशी जुळवायचा? त्यात तुझी धमनी वयानं वळणं घेत शिरेच्या जागी आलेली. तिला वाटलं हीच शीर."

एकोणीस वर्षं कुणाच्या बापाला न जुमानता घातलेली काकणं. हौसाक्कानं मान न हलवता हाताकडं बघायचा प्रयत्न केला.

"काढ," ती म्हणाली.

"कापायची कात्री..."

"कात्री कशाला? कासाराची पोर हाईस न्हवं? साबण आण."

ऋजुतानं हातमोजे काढले, मनगटाचा पट्टा सोडला. कोमट पाणी, साबण. एकेक काकण फिरवत फिरवत ती खाली आणू लागली. सूज दाबायची, थांबायची, काकण पाव इंच सरकवायचं, पुन्हा थांबायचं. आठ निघाली. नववं अंगठ्याच्या सांध्यावर अडकलं. ऋजुताची बोटं क्षणभर आवळली. हौसाक्का नुसती बघत राहिली. ऋजुतानं बोटं सैल सोडली, अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि वाट बघितली. काकण आपसूक घसरून तिच्या तळव्यात आलं. पट्टा पुन्हा बांधला तशी पडद्यावरची रेघ उड्या मारू लागली.

नीलाचा अहवाल केव्हाच बंद झाला होता.

डॉक्टर मुजावरांनी मान उघडली, डोळ्यांदेखत नळी काढली आणि धमनीतलं भोक दोन टाक्यांनी शिवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आल्यावर हौसाक्कानं विचारलं, "माझी काकणं कुटं ठेवलीस?" ते ऐकून ऋजुता खोलीबाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसून आत आली. वाचा गेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऋजुता आली ती हातात टॅब घेऊन. नीला बनवणाऱ्या कंपनीचा अहवाल आला होता.

"कारण: रुग्णाच्या हातातील आभूषणं," तिनं वाचलं. "यंत्र निर्दोष. प्रकरण बंद."

"म्हंजे दोष माझा."

"कागदावर."

"आन तुझा?"

"माझ्यासाठी रकानाच नाही, अक्का. दोनच रकाने आहेत, यंत्र आणि रुग्ण. डॉक्टरनं हात लावलेलाच नाही असं धरतात." तिनं हे सांगितलं आणि तिचा आवाज सुटका झाल्यासारखा हलका झाला. "मला काही होणार नाही. तू काळजी करू नकोस."

हौसाक्कानं तिच्याकडं नीट बघितलं.

"ऋजे, गादीखाली काय सारलंस?"

ऋजुताचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला. ती तशीच वळली आणि गेली.

दुपार गेली, चहा आला, चहा गार झाला. हौसाक्काला काही सुचेना. उजवा हात हलका हलका, परक्याचा असल्यासारखा वाटत होता. ती तो चादरीत लपवायची, पुन्हा बाहेर काढायची. टाके ओढत होते. कांबळे सिस्टरांना तिनं तीनदा विचारलं, ऋजी गेली कुठं, आणि तिन्ही वेळा म्हणाली, "मला काय करायचंय म्हणा."

संध्याकाळी पाचला ऋजुता आली. हातात साधा कागद होता, पेनानं लिहिलेला. ती उभ्या उभ्याच वाचू लागली.

"रुग्णानं काकणं काढायला नकार दिला. ती वर सरकवून मनगटाला पट्टा मी बांधला. हात आवळला आहे हे मी तपासलं नाही. रुग्ण दोनदा म्हणाली, 'उडतंय'. मानेला बोट न लावता मी पडद्याकडं बघितलं. अहवाल बंद व्हायच्या आत चूक झाकावी म्हणून नळी ओढायला मी हात घातला होता. रुग्णानं थांबवलं. चूक माझ्या हातून झाली." तिनं कागद खाली केला. "रकाना नव्हता म्हणून हे वेगळं जोडलं. पाठवलंय."

"मग?"

"चौकशी होईपर्यंत प्रक्रिया करायच्या नाहीत. सहा महिने, कदाचित जास्त. आणि घट्ट दागिना असेल तर नीला पुढं जाणार नाही, असा बदल मुजावर सरांनी मागितलाय."

"माझा हट्ट लिवलास त्ये बरं केलंस. त्यो खराच हुता."

ऋजुतानं खिशातून रुमाल काढला. आत नऊ काकणं. सूज उतरली होती. ती खाटेच्या काठावर बसली, पण काकणाला हात घालायच्या आधी तिनं दोन बोटं आजीच्या मनगटावर ठेवली आणि पडद्याकडं पाठ करून मनातल्या मनात मोजत राहिली. पूर्ण एक मिनिट. हौसाक्कानं हात हलू दिला नाही. मग ऋजुतानं अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि काकणं चढवली. नऊच्या नऊ. एकही वाढलं नाही.

हौसाक्कानं हात वर करून काकणं वाजवून बघितली. आवाज नीट आला. मग ती नातीकडं वळली.

"आजपासनं दुकानात गिऱ्हाइकाचा हात धरलास तर मी आडवी येणार न्हाई. पर डॉक्टर म्हणून अजून तू कच्ची हाईस, ऋजे."